उजळणी मास्तर आणि कोऱ्या पाटीची यंत्रे

नोकरीच्या उभ्या हयातीत मी वरिष्ठांकडे ज्या तक्रारी पाठवल्या, त्यांपैकी बहुतेकींना ‘नोंद घेण्यात आली आहे’ एवढेच उत्तर मिळाले. आमच्या रुग्णालयात या चार शब्दांचा रूढ अर्थ ‘काहीही करण्यात येणार नाही’ असा आहे. अभिलेख विभागाची प्रमुख या नात्याने हे उत्तर टंकलिखित करण्याचे कामही पुष्कळदा माझ्याकडेच येते, म्हणजे स्वतःच्या तक्रारीला स्वतःच वाटाण्याच्या अक्षता लावायच्या. म्हणून ‘नोंद’ या शब्दावरचा माझा विश्वास केव्हाच उडाला होता. तो थोडाफार परत आणला माझ्या धाकट्या दिरांनी. रुग्णालयात त्यांना सगळे ‘उजळणी मास्तर’ म्हणतात, आणि हे नाव काही प्रेमाने पडलेले नाही.

ते आमच्याकडील संगणकांची देखभाल करतात. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी उत्तम गुणांनी मिळवली आहे आणि ही गोष्ट ते विसरत नाहीत, इतरांनाही विसरू देत नाहीत. पूर्वी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात त्यांची चांगली नोकरी होती. नव्याने आलेली यंत्रे सुस्थितीत मिळाल्याच्या दाखल्यावर सही करा, असे त्यांना सांगण्यात आले, आणि यांनी प्रत्येक यंत्र सुरू होताना स्वतः पाहिल्याशिवाय सही करणार नाही, असा हट्ट धरला. खोकी अजून उघडलीही नव्हती. विभागप्रमुखांचे आणि त्यांचे वाजले, आणि तिच्याहून कमी पगाराची ही नोकरी त्यांनी पत्करली. त्यावर आमच्या ह्यांनी आपल्या भावाबद्दल एवढेच म्हटले, “लहानपणी आई विचारायची, दार लावलंस का? हा ‘हो’ म्हणायचा आणि परत जाऊन कडी ओढून बघायचा. स्वतःच्या ‘हो’वरही विश्वास नाही, मग दुसऱ्याच्या कुठून असणार?”

माझ्या जावेचे गाऱ्हाणे याच जातीचे आहे. “वहिनी, ह्यांना ‘झालं’ म्हणून सांगायची सोय नाही. पोरगी म्हणाली अभ्यास झाला, की ह्यांचं सुरू. झाला म्हणजे काय झालं? सुरू झाला, संपला, की वही मिटली?”

हा स्वभाव घरात जाचक असेल. रक्त घेण्याच्या दालनात मात्र तो नसता, तर एका बाईचे आयुष्य धुळीला मिळाले असते.

या दालनात काचेमागे एका ओळीत खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीत एक आरामखुर्ची, सुया-नळ्यांचा ट्रे, अक्षरे उमटणारा पडदा, लेबल छापणारे लहानसे यंत्र आणि पुस्तकाएवढी एक काळी पेटी. ही पेटी म्हणजे संगणक; पण त्यात डिस्क नाही. खरेदी समितीला पुरवठादाराने पटवले होते की डिस्क नाही म्हणजे बिघडायला काही नाही आणि चोरायलाही काही नाही. ते खरेच आहे. मात्र डिस्क नाही म्हणजे लक्षात ठेवायलाही काही नाही, हे त्यांनी सांगितले नाही, आणि समितीतल्या कोणी विचारलेही नाही.

अशी पेटी सुरू होते तेव्हा तिची पाटी कोरी असते. आपले नाव काय, वेळ काय, आपण कितव्या खिडकीत बसलो आहोत, यातले तिला काही ठाऊक नसते. जिन्याखालच्या खोलीत एक मोठा सर्व्हर आहे. तिथून केबलमार्फत तिला सारी युनिक्स प्रणाली, म्हणजे संगणक चालवण्याची रीत, शिकवली जाते. आधी नेटवर्क जोड, मग नाव विचार, मग घड्याळ लाव, मग खिडकीचा क्रमांक घे, मग लेबलयंत्र चालू कर, अशा आज्ञा एकामागून एक लिहिलेल्या असतात; त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक स्क्रिप्ट आपले काम उरकून पडद्यावर ‘ठीक’ असे छापते. या साऱ्याची नोंद, म्हणजे लॉग, ठेवली जाते. पण तीही पेटीच्या मेमरीतच. वीज गेली की पाटी पुन्हा कोरी. काय चुकले होते हेही पुसले जाते.

भाऊजी रोज सकाळी सर्वांच्या आधी येऊन एकेका पेटीसमोर उभे राहत आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बोट ठेवून मोठ्याने वाचत. सफाई करणाऱ्या बायकांनी त्यावरूनच त्यांचे बारसे केले. “मास्तर, पोरांना पाढे आले का?” असे त्या विचारत. भाऊजी न हसता म्हणत, “म्हणतात तरी. येतात की नाही ते बघतोय.”

रक्त घेणाऱ्यांत ज्या सर्वांत जुन्या, त्यांना सगळे ताई म्हणत. हात इतका हलका की लहान मुलांना सुई टोचून झाल्यावर रडायचे सुचत असे. त्या पाचव्या खिडकीत बसत. एका सकाळी ऐन गर्दीत वीज गेली, लगेच आली, सगळ्या पेट्या एकदम सुरू झाल्या आणि काम पुढे चालू राहिले. दुपारी एका तरुण बाईचा अहवाल वॉर्डात पोहोचला. त्यात रक्ताचे प्रमाण इतके कमी होते की तिला तातडीने रक्त चढवायची तयारी सुरू झाली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी त्या बाईच्या लालबुंद गालांकडे पाहिले, अहवालाकडे पाहिले, आणि नमुना पुन्हा तपासायला लावला. तो अहवाल दुसऱ्याच एका आजोबांचा निघाला. लेबलावर नाव नसते, फक्त क्रमांक: आधी खिडकीचा आकडा, मग छापल्याची वेळ. दोघांच्या नळ्यांवर एकच क्रमांक होता, पहिल्या खिडकीचा. आजोबांचे रक्त पहिल्या खिडकीत घेतले होते. त्या बाईचे ताईंनी, पाचव्या खिडकीत.

कोणालाही इजा झाली नाही. परंतु इजा न झाल्याचे समाधान मानण्यापेक्षा बळीचा बकरा शोधणे आमच्या प्रशासनाला नेहमीच अधिक निकडीचे वाटत आले आहे. लेबलयंत्र अडकले की दुसऱ्या खिडकीतले जादा लेबल उचलून चिकटवायचे, ही वाईट खोड पूर्वी काही जणांना होती. ताईंनीही तेच केले असणार, असे ठरले. त्याच संध्याकाळी चौकशी समिती बसली. अध्यक्ष उपअधीक्षक, आणि इतिवृत्त लिहायला मी.

पुरवठादाराचा प्रतिनिधी इस्त्रीचे कपडे आणि तयार हसू घेऊन आला. सर्वांसमक्ष त्याने पाचव्या खिडकीतली पेटी बंद करून चालू केली, लॉग उघडला आणि म्हणाला, “बघा साहेब. एकसुद्धा चूक नाही. आरशासारखा स्वच्छ.”

“यंत्रणेत दोष आढळला नाही, असं लिहा,” उपअधीक्षक मला म्हणाले. मी लिहिले. ताईंना निलंबित करण्यात आले आणि अंतिम सुनावणीत दोष कायम झाल्यास रक्त घेण्याचा त्यांचा परवानाही जाणार होता. त्यांना दुसरे कोणतेही काम येत नव्हते.

घरी मी हा सारा वृत्तांत सांगितला, तेव्हा भाऊजी जेवत होते. त्यांचा हात थांबला.

“बंद करून चालू केली? आणि मग लॉग बघितला?”

“सर्वांच्या देखत.”

“वहिनी, पाटी धुऊन पुसून समोर धरली आणि म्हणाले, बघा, पोरानं काही चुकीचं लिहिलेलं नाही. आणि तुम्ही सगळे माना डोलावत बसलात?”

“मी मान डोलावली नाही. मी लिहून घेतलं.”

“ते आणखी वाईट,” ते म्हणाले. हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितले याचा मला राग आला. आणि ते खरे होते म्हणून अधिक आला.

दुसऱ्या दिवशी ते ताईंच्या घरी गेले, मीही बरोबर होते. दोन खोल्यांचे नीटनेटके घर, खिडकीत शिवणयंत्र, सासूबाई पलंगावर. ताईंनी पाणी दिले आणि विचारले, “मास्तर, तुम्ही माझ्या बाजूचे की यंत्राच्या?”

“कुणाच्याच नाही. त्या सकाळी ते यंत्र स्वतःला काय समजत होतं, तेवढंच मला शोधायचंय.”

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, “हे कसलं सांत्वन? हा माणूस धीर द्यायला आलाय की पंचनामा करायला?”

“पंचनामाच करू दे, आई,” ताई म्हणाल्या. “धीर देणारे चौघे येऊन गेले. चहा पिऊन गेले.” मग भाऊजींकडे वळून त्या सावकाश म्हणाल्या, “माझ्याच लेबलयंत्रातून निघालेलं लेबल मी माझ्या हातानं चिकटवलं. कुणाच्या खिडकीतून काही उचललं नाही. यापुढं मला काही माहीत नाही.”

भाऊजींनी एवढेच घेतले आणि कामाला लागले.

आधी त्यांनी सुरुवातीच्या स्क्रिप्ट तपासायला घेतल्या. दालन बंद झाले की एक पेटी आपल्या टेबलावर आणायची, एका स्क्रिप्टची वाट मुद्दाम अडवायची, म्हणजे केबल काढायची किंवा सर्व्हर गप्प करायचा, आणि ती काय म्हणते ते पाहायचे. मुलाला पाढा येतो का हे पाहायचे असेल तर त्याच्यापुढचे पुस्तक मिटावे लागते, असे ते मला म्हणाले. बहुतेक स्क्रिप्ट प्रामाणिक निघाल्या. काम जमले नाही तर तसे कबूल करून थांबत. खिडकीचा क्रमांक आणणारी स्क्रिप्ट मात्र निराळी होती. सर्व्हरने उत्तर दिले नाही तरी ती पडद्यावर ‘ठीक’ छापत होती. कारण तिच्यातली शेवटची आज्ञा होती ‘ठीक असे छाप’, आणि छापणे तर प्रत्येक वेळी जमतेच. आधीचे काम जमले की फसले, हे ती कोणाला विचारतच नव्हती.

“आमच्या कार्यालयासारखीच आहे ही,” मी म्हणाले. “काम होवो न होवो, शेवटी शेरा ठरलेला.”

“पण क्रमांक मिळाला नाही तर लेबलवर क्रमांक यायलाच नको,” भाऊजी म्हणाले. “मग पहिल्या खिडकीचा आला कुठून?”

त्याचे उत्तरही सापडले. पुरवठादाराच्या माणसांनी सर्वांत आधी पहिली खिडकी बसवली, तिचे काम नीट झाले म्हणून तिचीच नक्कल करून सर्वांसाठी मूळ साचा बनवला, आणि साच्यातला तिचा क्रमांक पुसायला विसरले. ज्या पेटीला आपला क्रमांक मिळत नसे, ती स्वतःला पहिली खिडकी समजून कामाला लागत असे. आणि पडद्यावर ‘ठीक’.

हे सांगायला ते उपअधीक्षकांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुम्ही केबल काढलीत म्हणून असं झालं. त्या दिवशी कोणी काढली होती? शक्यता वेगळी, पुरावा वेगळा.”

भाऊजी परत आले ते तणतणत आले नाहीत. अशा वेळी ते फार शांत होतात, आणि ती शांतता आमच्या घरात कोणालाच आवडत नाही. “बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणाले. “वीज येते तेव्हा सगळ्या पेट्या एकदम सर्व्हरच्या दारात धावतात. गर्दीत एखादीला उत्तर मिळत नसणार. पण ‘नसणार’ म्हणून चालणार नाही. यंत्राच्या तोंडून आलं पाहिजे, आणि ते पुसलं जाणार नाही अशा जागी उतरलं पाहिजे.”

म्हणजे प्रत्येक पेटीचा लॉग सुरुवातीपासून सर्व्हरवर पाठवायला हवा होता. पुरवठादाराच्या स्क्रिप्टला हात लावला तर करार मोडतो, असे कलम होते. भाऊजींनी त्यांना हात लावला नाही. त्यांनी स्वतःची एक छोटी स्क्रिप्ट सर्वांच्या आधी उभी केली. ती प्रत्येकीला पुढे पाठवी, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ टिपून घेई, आणि ‘ठीक’ या शब्दाकडे कानाडोळा करून क्रमांक खरोखर हातात आला का, ते उघडून पाही.

त्यासाठी परवानगी हवी होती. तो अर्ज मी लिहिला. माझ्या शिक्षणाचा आणि कटुतेचा असा सदुपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. ‘विषयांकित यंत्रणेच्या प्रारंभकालीन वर्तनाचे अहस्तक्षेपी अवलोकन करण्यास अनुमती असावी’ अशा धाटणीची वाक्ये मी इतकी दाट विणली की उपअधीक्षकांनी दुसऱ्या परिच्छेदातच हाय खाऊन सही केली. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मराठीच होते सगळे.

पहिल्या दिवशी लॉग आला तो निरुपयोगी होता. नेटवर्क जोडले जाण्याआधीच्या ओळी पाठवायला वाटच नसल्याने त्या गळाल्या होत्या. त्या मेमरीत थोपवून धरून मागाहून पाठवण्याची सोय भाऊजींनी केली. मग ओळी आल्या, पण सगळ्यांखाली एकच नाव. पेटीला स्वतःचे नाव मिळण्याआधीच ती बोलत होती, त्यामुळे प्रत्येक पेटी आपली ओळख ‘मी’ एवढीच करून देत होती. “भुताटकीच्या घरात विचारावं कोण आहे, आणि सगळ्या खोल्यांतून उत्तर यावं मी, मी,” असे म्हणून भाऊजी स्वतःशीच हसले. प्रत्येक पेटीच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातून कोरलेला एक पत्ता असतो. तो कोणी शिकवावा लागत नाही आणि वीज गेल्याने पुसत नाही. तो त्यांनी ओळीच्या सुरुवातीला जोडला. आता कोण बोलते आहे ते कळू लागले.

रोज सकाळी सगळे सुरळीत. पेट्या एकेक करून सुरू केल्या जात, सर्व्हर सर्वांना उत्तर देई. सुनावणी जवळ येत होती. मार्गिकेत लोक मला ऐकू जाईल अशा बेताने बोलत, “मास्तरांनी बाईंसाठी फार मनावर घेतलंय बुवा.” जावेच्या कानावरही ते गेले. ती म्हणाली, “ह्यांनी मनावर घेतलंय ते त्या स्क्रिप्टनं खोटं सांगितलं म्हणून. बाईंच्या जागी खुर्ची निलंबित केली असती तरी हे असेच लागले असते.” मला वाटते, नवऱ्याची इतकी अचूक पारख फार थोड्या बायकांनी केली असेल.

मग त्यांनी वायरमनला गाठले. जनरेटरची नियमित चाचणी असते. त्या दिवशी दुपारी काही क्षण वीज तोडतात. “दालन सुटल्यावर करतो एरवी,” वायरमन म्हणाला. “पण पेट्या बंद केल्याशिवाय करायची म्हणता? काही जळलं तर माझ्या नावानं शिमगा.”

“जळायला त्यात काही नाही. डिस्कसुद्धा नाही.”

“मग आहे तरी काय त्यात?”

“तेच बघायचंय.”

शेवटचा रुग्ण गेल्यावर चाचणी झाली. दालन अंधारले, उजळले, सर्व पेट्या एकदम जाग्या झाल्या. पडद्यांवर ओळीने ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक’. आम्ही जिन्याखालच्या खोलीत गेलो. भाऊजींनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि एका ओळीवर बोट थांबले. आठव्या खिडकीच्या पेटीने क्रमांक मागितला होता, उत्तर आले नव्हते, आणि तिने ‘ठीक’ म्हटले होते. आठव्या खिडकीत जाऊन मी स्वतः लेबल छापले. त्यावर पहिल्या खिडकीचा क्रमांक होता. भाऊजींनी मला ती पेटी बंद करू दिली नाही. तिच्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवूनच ते घरी आले.

सुनावणीला प्रतिनिधी आला होता. लॉग पाहून त्याचे हसू किंचित सैल झाले, पण पडले नाही. “हे परवाचं झालं. त्या दिवशी असंच झालं, याला पुरावा काय?”

“काहीच नाही,” भाऊजी म्हणाले. “त्या दिवसाचा पुरावा तुम्ही सगळ्यांदेखत पुसलात. ‘चूक नाही’ असं सांगितलंत. ‘माहीत नाही’ असं सांगायला हवं होतं.”

उपअधीक्षक खाकरले. तडजोडीची वेळ आली की ते खाकरतात. “ठीक आहे. संशयाचा फायदा देऊ. निलंबन मागे. लिहा, दोष सिद्ध होऊ शकला नाही.”

ताई उभ्या राहिल्या. “साहेब, मला फायदा नको. सिद्ध होऊ शकला नाही म्हणजे केला असेल, सापडला नाही. उद्या पेशंट माझ्यापुढं हात करताना तेच मनात आणतील. एकतर मी लेबल उचललं असं लिहा, नाहीतर उचललं नाही असं लिहा.”

“बाई, त्या दिवशी तिथं काय झालं हे आता कोणालाच कळणार नाही.”

“तिथं बसणाऱ्याला तरी कळत होतं का, ते बघू या,” भाऊजी म्हणाले. “साहेब, दालनात चला. पाचव्या खिडकीत बसा.”

दालन रिकामे होते. उपअधीक्षक ताईंच्या खुर्चीत बसले; ती त्यांना जरा लहान पडत होती. भाऊजींनी वायरमनला खूण केली. वीज गेली, आली. पाचव्या पेटीला त्या वेळी क्रमांक बरोबर मिळाला. प्रतिनिधीने सुस्कारा टाकला. भाऊजींनी पुन्हा खूण केली. पुन्हा बरोबर. “किती वेळ खेळायचं हे?” प्रतिनिधी म्हणाला.

“रुग्णालयात वीज जाते तितक्या वेळा.”

असे बरेचदा झाले. ताई भिंतीला टेकून शांत उभ्या होत्या. अखेर एकदा साहेबांच्या पडद्यावर सर्व ओळी ‘ठीक’ आल्या, त्यांनी कळ दाबली आणि हातात आलेल्या लेबलाकडे ते पाहतच राहिले. ते पहिल्या खिडकीचे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मागे पाहिले, खुर्चीवरच्या पाटीवर पाच हा आकडा आहे याची खात्री केली.

“यात काही चुकलंय असं पडद्यावर कुठं दिसतं?” त्यांनी विचारले.

“कुठंच नाही,” भाऊजी म्हणाले. “लेबलावरचा पहिला आकडा खिडकीचा असतो, हे ठाऊक असलेल्यालाच कळेल. ते शिकवलंय का कुणाला?”

प्रतिनिधीने तोंड उघडले. उपअधीक्षकांनी हात वर करून त्याला थांबवले. मी त्यांना असे करताना प्रथमच पाहिले. “तुम्ही मला सांगितलं होतं, आरशासारखा स्वच्छ,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी मजकूर सांगितला: “कर्मचाऱ्याने आपल्याच यंत्रातून आलेले लेबल वापरले. क्रमांकाची चूक यंत्रणेची. आरोप मागे घेण्यात येत आहे. आधीचं वाक्य रद्द.”

“‘दोष आढळला नाही’ हे?” मी विचारले.

“हो, तेच. रद्द म्हणून लिहा, खोडू नका. पुढच्यांना दिसू दे.”

पुरवठादाराला दंड झाला नाही. त्याचा करारही पुढे चालू राहिला. याविषयी मी सविस्तर तक्रार दिली असून तिची नोंद घेण्यात आली आहे. स्क्रिप्ट मात्र बदलली. क्रमांक मिळाला नाही तर पेटी आता तांबडी ओळ दाखवून थांबते आणि लेबल देत नाही. तिचा शब्द सर्व्हरवर जाऊन राहतो. त्यामुळे वीज गेल्यावर एखादी खिडकी काही वेळ बंद राहते, रांगेतली माणसे घड्याळ पाहतात आणि मास्तरांचा उद्धार करतात.

परवा मी अभिलेखांचा गठ्ठा घेऊन दालनातून जात होते. पाचव्या खिडकीचा पडदा तांबडा होता. समोर बाही वर करून बसलेला एक गृहस्थ कुरकुरत होता, “अहो ताई, रक्त काढून तर ठेवा. लेबल काय, मागाहून लावता येईल.”

ताईंनी सुई उचलली नाही. “नाही लावता येत,” त्या म्हणाल्या आणि कापूस बाजूला ठेवून, पडदा हिरवा होईपर्यंत, त्याच्याकडे पाहत बसून राहिल्या.